काटा परत पडला

“तात्या, काटा परत पडला की!”

विश्वजितनं आजोबांची जुनी मोटरसायकल दुकानासमोर लावली आणि हेल्मेट काढून हसला. मीटर दुरुस्त केल्यापासून पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा त्याचा काटा पडला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं उद्यमनगर डोक्यावर घेतलं असतं.

आकारामतात्याचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. चाळीस वर्षं हा गडी गाड्यांची मीटरं दुरुस्त करतोय, पण त्याच्या हातून गेलेलं मीटर कधी माघारी आलं नव्हतं. आता शेजारचा वेल्डिंगवालाही ओरडायला लागला, “तात्या, डोळं तपासून या जावा!”

“कुठवर चाललं?” तात्यानं विचारलं.

“बावड्यात, कारखान्यापतोर. चाळीस दाखवत हुता. मग थरथरला आन् गेला शून्यावर. रविवारी कळंब्याला जुन्या गाड्यांची फेरी हाय. आजोबा बघाय येणार हायत, काटा हलायच पायजे बघा. उचगावच्या जयसिंगरावांनी लई विश्वासानं तुमचं नाव सांगितलंय.”

तात्याची धाकटी लेक शिवानी मीटर उघडून बसली. आतली केसासारखी स्प्रिंग, चुंबक, तबकडी, सगळं तिनंच पुसून बसवलेलं. मीटर उघडायचं तिनं आणि गाडीवर चढवून चाकाकडनं येणाऱ्या केबलचा नट आवळायचा तात्यानं, अशी दोघांची वाटणी होती.

“आबा, आत कायबी बिघाड न्हाय,” ती बापावर वैतागली. “माझ्या कामाची पार अब्रू गेली.”

“असू द्या ओ,” विश्वजित म्हणाला. “माझ्या पप्पांपेक्षा वयानं मोठी गाडी हाय ही. रुसणारच की! च्या सांगू का?”

शिवानीला हसू फुटलं. तात्यानं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. हल्ली घरात हसू कमीच झालं होतं.

थोरल्या लेकीला, अनुजाला बघायला आला तेव्हा तिचा नवरा गाईसारखा गरीब होऊन बसला होता. पोहेसुद्धा मागून घेतले नाहीत बिचाऱ्यानं! वर्षाच्या आत ताटं भिरकावायला लागला आणि अनुजा माहेरी आली. तेव्हापासून उचगावचा जयसिंगमामा स्थळं सुचवून थकला, पण शिवानीचं उत्तर एकच. “धा मिनटात माणूस कळतो व्हय?” तात्यालाही ते पटायचं. आणखी एक लेक अशी परत आली तर आपण पुन्हा सावरणार नाही, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

“आज नट तूच आवळ गं,” तो म्हणाला. “माझ्या हातात दम ऱ्हायला न्हाय म्हणं.”

शिवानीनं केबल जोडली, नट आवळला. चाक फिरवल्यावर काटा डुलला. सगळ्यांचा चहा झाला आणि विश्वजित खुशीत निघून गेला.

गाडी वळणाआड होताच तात्यानं दुकानामागं जाऊन मेव्हण्याला फोन लावला.

“जयसिंग, तू धाडलेलं पोरगं बघितलं. तिन्ही बारीला मीच नट अर्धा आटा सैल सोडला. गड्यानं एकदा आवाज चढवला न्हाय, उलट च्या पाजला! माझं नाव गेलं तर जाऊ दे, पोरगं सोनं हाय. त्याला काय बोलू नको आत्ताच. रविवारची फेरी झाली की दोघांनाबी विचारू. आन् व्हय, ह्या बारीला नट शिवानीनं आवळलाय. तिचं काम चोख असतंय, आता काटा पडायचा न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतंय तोवर ओळखीची फटफट ऐकू आली.

“तात्या, काटा परत पडला की!”

तात्यानं मान वळवून लेकीकडं बघितलं. शिवानी खाली वाकून, हसू दाबत एकेक खण उघडून पाना शोधत होती. पाना तिच्या हातातच होता.