जातानाचा रस्ता

"तळं डाव्या हाताला," म्हातारा म्हणाला. "डोळे मिटून लिही."

जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून मुलानं नकाशा पसरला होता. चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवलेल्या. सरहद्दीच्या अलीकडचा रस्ता आखून झाला होता, आता पलीकडचा राहिला होता. तिकडे कुठं कुठं थांबायचं ते म्हाताऱ्यानं सांगायचं, हे आधीच ठरलेलं. जन्मभर ज्यानं त्या रस्त्यावर ट्रक चालवला तो घरात असताना इंटरनेटला कोण विचारतो?

"बाबा, नकाशात तळं उजवीकडे आहे."

"नकाशा काढणारा कधी गेला होता तिथं? डाव्या हाताला. पाणी दोन रंगांचं. काठावर एका बाईचं पावाचं दुकान. पाव नुसता दाबून बघितलात तरी अशी झापते, की विचारू नका."

"आणि बोगदा?" म्हातारीनं विचारलं. तिला सगळं पाठ होतं, तरी विचारल्यावाचून राहवेना. लग्न झाल्यापासून ती हा रस्ता ऐकत आली होती. आधी पोरं लहान, मग सासू अंथरुणाला खिळलेली, मग स्वतःचे गुडघे. माहेर सोडलं तर ती कधी कुठं गेली नाही. आता कुठं योग आला होता. प्रवासासाठी घेतलेले बूट ती सकाळपासून घरातच घालून फिरत होती. दोघांचेही पासपोर्ट नवे कोरे. त्याच्या वेळी ड्रायव्हरला नाक्यावरचा पास पुरायचा, असं तो सांगायचा.

"आधी बोगदा, मग घाटाचा लांबच लांब चढ," म्हातारा म्हणाला. "गाडी नुसती धापा टाकते."

"अहो बाबा, आधी घाट आहे, आणि तोही उताराचा. बोगदा त्याच्यानंतर." मुलानं पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही ट्रक काय रिव्हर्समध्ये चालवत होता?"

सगळे हसले. म्हातारीला तर हसता हसता ठसका लागला.

सून शाळेत शिकवायची. गणित चुकलं कुठं, हे शोधल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ती टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, आणि तिथून नकाशाकडे वाकून बघत राहिली.

"बाबांचं बरोबर आहे की! इकडे येऊन बघा. पलीकडून आपल्याकडे यायला लागलं, की तळं डावीकडेच. आधी बोगदा, मग चढ. बाबा येतानाचं सांगतायत." ती कौतुकानं म्हणाली, "आता जातानाचं सांगा ना, बाबा."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यावरची एक वाटी उगाचच उचलली.

"जातानाचं मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी कधी गेलोच नाही."

म्हातारीच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. ते आवरायचंही तिला सुचलं नाही.

तो खाली बघून बोलत गेला. आपल्या गाड्यांना पलीकडे जायची परवानगी नव्हतीच. नाक्यावर एक पत्र्याची शेड होती. आपला ट्रक तिथं पाठ करून उभा करायचा, पलीकडचा ट्रक त्याच्या पाठीला पाठ लावून. हमाल इकडचा माल तिकडे चढवायचे. शेडच्या पुढं उंच भिंत, तिच्यापलीकडचं काही दिसायचं नाही. माल चढेपर्यंत दोन्ही ड्रायव्हर खोक्यांवर बसायचे. पलीकडचा नेहमी एकच असायचा, भारी बडबड्या. येताना वाटेत काय काय लागलं ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगायचा, हातवारे करून.

"आणि ती गाडी घसरली, ते?" म्हातारीनं विचारलं. "बर्फात रात्रभर अडकला होतात... ते ऐकून मी तुम्हाला पुढच्या खेपेला जाऊ दिलं नव्हतं. पाया पडले होते तुमच्या."

"त्याची गाडी," म्हातारा म्हणाला.

"पण का, बाबा?" मुलगा ओरडलाच.

"तुझ्या आजोबांनी मुलगी दिली ती परदेशात गाडी नेणारा जावई म्हणून. पहिल्या खेपेहून आलो, तर ही दारातच उभी. म्हणाली, सांगा ना, पलीकडे काय आहे? आता काय सांगू? भिंत?"

म्हातारी उठली. "खोटारडे!" ती म्हणाली. त्याला असं ती जन्मात बोलली नव्हती. तिला राग आला होता, लाज वाटत होती, आणि अजून विश्वास बसत नव्हता. सगळ्या गल्लीला तिनं ते तळं सांगितलं होतं. माहेरी सांगितलं होतं. नातवंडांना झोपवताना सांगितलं होतं. ती टेबलाला धरून उभी राहिली, आणि म्हाताऱ्याकडे असं बघायला लागली, जसं दार उघडल्यावर अनोळखी माणसाकडे बघतात.

"आई, राहू दे आता," मुलगा हळूच म्हणाला. "नंतर ठरवू. नाहीतर नकोच जायला." तो नकाशा गुंडाळायला लागला.

तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "ठेव तो खाली."

नकाशा पुन्हा उलगडला. सरहद्दीच्या रेषेवरून ती बोट फिरवत राहिली.

"ती शेड कुठं आहे?"

"अगं, तिथं बघण्यासारखं काही नाही," म्हातारा पुटपुटला. "आता असेल की पाडली, तेही..."

"तुम्ही गप्प बसा." तिनं पेन्सिल उचलून मुलाच्या हातात दिली. "पहिला थांबा तिथं लिही. माझा नवरा एवढी वर्षं घरातून निघून जायचा कुठं, ते मला आधी बघू दे."