नातीचं न्हाणं

“छातीच्या एक्स-रेत डाग दिसतोय आजी. जुना, बरा झालेला क्षय आहे. पण व्हिसासाठी थुंकी तपासावी लागेल. रिपोर्टला दोन महिने जातील,” डॉक्टर म्हणाले.

“लुगड्यावरचा डागसुद्धा एवढा टिकत नाही,” अनसाक्का फणकारल्या. लग्नाआधीचं ते दुखणं त्यांनी सासरी कुणाला कळू दिलं नव्हतं. आता ते थेट परदेशातल्या कचेरीला कळलं होतं.

गल्लीतली बाळं अनसाक्कांच्याच पायांवर न्हाऊन मोठी झाली. आणि त्यांची लेक मात्र तिकडं मेलबर्नला आईविना बाळंत झाली. रिपोर्ट अजून यायचाच होता.

एका सकाळी फोनवर जावई दिसले, पाय पसरून बसलेले, पायांवर नात.

“जावईबापू, बाळ आहे ते. स्कूटर पुसल्यागत काय करताय? छातीवरनं हलका हात फिरवा.”

“मामी, घसरतंय हो.”

“तेल लावल्यावर घसरणारच. तळहाताची वाटी करून मान धरा.”

मागून लेक हसली, “आई, ह्यांना एवढं कुणी रागावलं नव्हतं बघ.”

नात रडली, न्हाली आणि दुपट्यात गुरगुटून झोपली. फोन बंद झाला.

अनसाक्का तशाच पाय पसरून बसून राहिल्या. जावयाला दाखवताना त्यांनीही हातावर तेल घेतलं होतं. ते आता हाताच्या उबेनं चांगलं कोमट झालं होतं. दाराकडं एकदा बघून त्यांनी ते हळूहळू आपल्याच नडग्यांवर चोळलं, नात जिथं निजली असती तिथं.