जपान्यासाठी गाऱ्हाणं

पडद्यावर जपानी शिपाई दिसले तसा गंगाराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "आता बघा कशे मार खातत ते!"

आरोंद्याच्या माळावर सिनेमाचा तंबू लागला होता. लढाईत ब्रह्मदेशातून जपान्याची गोळी गुडघ्यात घेऊन आलेला गंगाराम बारा वर्षं गावाला त्या राक्षसांच्या गोष्टी सांगत होता. आज ते दाखवायला त्याने बायकोला, जानकीला, मुद्दाम आणलं होतं. पण सिनेमा निघाला जपान्यांच्याच बाजूचा. गंगारामची पलटण काही पडद्यावर फिरकेना. हे नुसते उपाशी, पाय ओढत घराकडे निघालेले.

एकाने लोखंडी टोपीत मूठभर तांदूळ शिजवले आणि टोपीच तोंडाला लावून ते भुरकले.

"अगो बाय, हे आमच्यासारखी पेज जेवतत!" दोरीपलीकडे बायकांत बसलेली जानकी ओरडली आणि डोळ्यांना पदर लावला.

"रडतंस काय? हेंच्यातल्याच एकान माझो गुडघो फोडल्यान!"

"पोटात शीत नाय, तेचो हात कापतलो नाय तर काय? म्हणान गोळी खाली लागली. तो पोटभर जेवलेलो असतो, तर तुमी आज हय नसतास."

सगळा तंबू हसला. गंगारामला हे बारा वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात सगळ्यात लहान शिपाई नदीत उतरला आणि रीळ तुटलं. पलीकडच्या काठावर बंदूक धरून कोण बसलेलं असतं, हे तंबूत फक्त गंगारामला ठाऊक होतं. लढाईत तो स्वतःच तसा बसला होता.

"देवळात गाऱ्हाणा तुमीच घालतास ना?" जानकी म्हणाली. "मगे घाला. रीळ जोडूच्या आधी."

गंगाराम काठी टेकत उठला. टोपी सारखी केली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तंबू गरजला.

"ह्यो पोरगो खंयच्या गावचो, आमका ठावक नाय. पण तेची आवस दारात वाट बघीत आसतली."

"व्हय म्हाराजा!"

"पलीकडे जो कोण बंदूक घेवन बसलो आसा, तेचो नेम चुकव."

"व्हय म्हाराजा!"

गंगारामने दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि नायच चुकलो, तर गुडघ्यार बसव म्हाराजा. तितक्यान घराक येवचा अडणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज जानकीचा होता.