तळाचं नाव

प्लास्टिकची रिकामी बाटली जमा करा, मेन्टेनन्समध्ये सूट मिळवा, अशी योजना बिल्डिंगमध्ये आली. महिनाअखेर लिफ्टशेजारी यादी लागली.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर: २१४.
आमचे अण्णा: ०.

अण्णा नऊ वर्षं एकाच स्टीलच्या बाटलीतून नळाचं पाणी पितात.

"अण्णा, पर्यावरणाचं जरा मनावर घ्या की," सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले.

अण्णांना ते फार लागलं. त्यांनी बाटलीबंद पाण्याचे वीस खोके मागवले, पाणी मोरीत ओतलं आणि बाटल्या जमा केल्या.

पुढच्या महिन्यात अण्णांचा सत्कार झाला. भाषण करताना त्यांचा घसा कोरडा पडला. सेक्रेटरींनी लगबगीने पाण्याची बाटली पुढे केली.



"प्या निवांत. रिकामी मात्र माझ्या नावावर."