सायकलीवरचं छप्पर

शांतम्मानं पदराची गाठ सोडली, किल्ली काढली आणि सायकलीचं कुलूप स्वतःच्या हातानं उघडलं. किल्ली मात्र परत गाठीत गेली.

"पार्क चौकापर्यंत जायाचं आन् यायचं. आल्यावर मी डोक्यावर हात ठिवून बघणार. गार लागलं तर किल्ली तुमची. तापल्यालं लागलं तर सायकल भंगारात."

"व्हय व्हय," शिवयोगी अण्णा म्हणाले. त्यांचा एक पाय कधीच पायंडलावर होता.

गेल्या आठवड्यात याच सायकलीवरून ते भर दुपारी चक्कर येऊन पडले होते. त्याच दिवशी तिला कुलूप लागलं. हा माणूस जन्मभर सायकलीवर हिंडलेला; रिक्षात बसला की त्याला आपल्याच गावात पाहुणा आल्यासारखं वाटायचं. पण बायकोशी भांडून आजवर काही पदरात पडलं नव्हतं. अण्णांची हयात यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेली होती, म्हणून त्यांनी भांडण सोडलं आणि पाना उचलला. मच्छरदाणीचे दांडे घेतले, वर हिरवी जाळी दुहेरी करून ताणली, कडेला जुन्या चादरीची मोराची पट्टी शिवली. सीटच्या मागं एक नट असा बसवला की हातानं सैल करावा, छप्पर हवं तिकडं कलतं करावं आणि पुन्हा आवळावं. सूर्य जिकडं, छप्पर तिकडं.

शांतम्मानं त्यांच्या खिशात कांदा कोंबला. छपरावर तिचा अजून भरवसा नव्हता.

भवानी पेठेतून बाहेर पडताच ऊन अंगावर धावून आलं, पण अण्णांपर्यंत पोचलं नाही. डांबर मऊ झालं होतं, कुत्री गटारात बसली होती, आणि अण्णा आपली सावली आपल्याबरोबर घेऊन चालले होते. जाळीतून वारा आरपार जात होता, दांडे हलत नव्हते. त्यांना इतका आनंद झाला की रस्त्यावर चिटपाखरू नसताना ते घंटी वाजवत राहिले.

कन्ना चौकात रसवाल्या येडूनं चरक थांबवला. "अण्णा, हे काय लावलंय ओ?"

आता एवढं कुणी विचारल्यावर न थांबून कसं चालेल? अण्णा उतरले, सायकल स्टँडला लावली, नट सैल केला. "सकाळी ऊन फुडनं येतं, तवा हे असं. दुपारी हे असं. सांच्याला मागं." पंक्चरवाला आला. "अण्णा, ये क्या लगाए जी?" अण्णांनी त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. दोन रिक्षावाले आले. "आमाला बी करून द्या की," कुणीतरी म्हणालं, आणि अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पार्क चौकात ट्रॅफिकच्या पोलिसानं हात केला तेव्हा अण्णा जरा घाबरले, पण त्याला फक्त मोटारसायकलला बसेल का, एवढंच विचारायचं होतं. त्यालाही दाखवलं. येताना जे राहिले होते त्यांनाही दाखवलं.

शांतम्मा उंबऱ्यातच उभी होती. अण्णांनी सायकल लावली, टोपी काढली आणि तेल लावून घेणाऱ्या पोरासारखं डोकं पुढं केलं.

शांतम्मानं आधी सीटवर हात ठेवला. मग डोक्यावर.

"सीट गार हाय. डोकं तव्यावानी तापलंय. सावलीत बसलं कोण, तुमी का सायकल?"

अण्णांचं तोंड उतरलं. सगळीकडं सायकल छपराखाली उभी होती आणि ते बाजूला, भर उन्हात. आता कुठं हे त्यांच्या ध्यानात आलं.

"छप्पर बराबर हाय गं. चालवताना लई गार वाटतं. पर लोक विचारत्यात, मग सांगू नगं का?"

शांतम्माची बोटं पदराच्या गाठीवर होती आणि अण्णांचे डोळे तिच्या बोटांवर. तिनं मोराची पट्टी ओढून पाहिली. एक दांडा हलवून पाहिला.

"मागं कॅरेजवर सावली येती का?"

अण्णांनी घाईघाईनं नट सैल केला. छप्पर मागं कललं. "येती की. दोघांवर येती."

शांतम्मा पदर सावरून कॅरेजवर बसली. "चला परत. आता मी हाय मागं. कुणी हाक मारली तरी थांबायचं न्हाय. कुणीबी."

ओझं दुप्पट झालं होतं, पण अण्णांना सायकल हलकी लागत होती. येडूनं चरक थांबवून हात वर केला. अण्णांनी मान वळवली नाही. पंक्चरवाला ओरडला; तेच. किल्ली मिळाल्यातच जमा, असं त्यांना वाटू लागलं.

पुढच्या वळणावर शांतम्माची मैत्रीण कस्तुराबाई दारात उभी होती. "अगं शांते, हे काय गं नवीन?"

अण्णा जोरात पायंडल मारायला लागले. पाठीत बोट टोचलं.

"थांबा की जरा."

थांबायच्या आतच शांतम्मा खाली उतरली. "ह्यांनीच केलंय. सगळं घरातलंच. हितं बघ, हा नट..." पदर डोक्यावरून घसरला, कपाळावर घाम आला, तरी ती भर उन्हात हातवारे करत सांगत राहिली.

अण्णा सीटवर सावलीत बसून तिच्याकडं बघत होते. त्यांनी हळूच मागं हात नेला, नट सैल केला आणि छप्पर तिच्या बाजूला झुकवलं. ऊन त्यांच्या डोक्यावर आलं.

शांतम्मानं वर पाहिलं. मग अण्णांकडं.

"हे बघ, असं वळतंय," ती कस्तुराबाईला म्हणाली, आणि बोलता बोलताच पदराची गाठ सोडू लागली.