नकाशात नसलेलं दार

हॉस्पिटलात जो तो आता फोनला विचारूनच पाऊल टाकायचा. फोन “डावीकडे वळा” म्हणाला, की धडधाकट माणसं मेंढरांसारखी वळायची. छताला डकवलेल्या पांढऱ्या डब्या म्हणे फोनला रस्ता सांगायच्या. त्या डब्यांपायी, वीस वर्षं चौकशीच्या खिडकीतून लोकांना वाट दाखवणाऱ्या द्रौपदामावशींच्या हाती पोछा आला होता.

“मेल्यांनी अक्कल गहाण टाकलीय,” फरशी पुसताना त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात मोठे साहेब समोर येऊन थबकले. डब्या त्यांनीच बसवल्या होत्या. अशुभ दिसतं म्हणून फोनमधल्या नकाशातून शवागार गाळायलाही त्यांनीच लावलं होतं. केबिन सोडून ते कधी खाली फिरकले नव्हते. आज मात्र फोनवर नुसतं बोट आपटत उभे होते.

“मावशी, बाबा गेले. त्यांना शवागारात हलवलंय म्हणतात. ते यात कुठंच सापडत नाही.”

पोछा भिंतीला टेकवून मावशी म्हणाल्या, “माझ्या मागनं या.”

साहेबांच्या फोनमध्ये अजून बाबांच्या वॉर्डाचाच रस्ता लावलेला होता. तळघराचा जिना उतरताना पायरीपायरीला तो बजावत राहिला, “वाट चुकलात. मागे वळा.”