फळीवरचा पंप

लाल नेलपॉलिशची बाटली. उद्याची शर्यत. शनिवार, म्हणून शिंगणापूरच्या गाड्यांनी भरलेला रस्ता. फळीवर, वर्तमानपत्रावर ठेवलेला जुना फ्युएल पंप.

नगरच्या सावेडीतल्या गॅरेजात एंजेला आपल्या निळ्या स्पोर्ट्स कारमध्ये बसली. इंजिनाची ताकद वाढवल्यापासून जुन्या पंपाने येणारं पेट्रोल गाडीला पुरत नव्हतं. दोन शर्यतींत ती मध्येच बंद पडली होती. म्हणून तिने आणि नवऱ्याने, जस्टिनने, नवा पंप आणि नवे पाइप बसवले होते. पाइपांच्या आवळून झालेल्या प्रत्येक क्लिपवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे एकही सुटत नाही, ही त्यांची पद्धत.

तिने चावी अर्धी फिरवली. नवा पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला.

फळीवरचा गुणगुणत राहिला.

"त्याला वायर जोडलीस का रे?"

"कशाला जोडू? चेष्टा करतेस व्हय?" जस्टिन हसला. मग त्यालाही ऐकू आलं.

तिने चावी काढून घेतली. आवाज वाढला. पंपाखालचं वर्तमानपत्र थरथरू लागलं.

का कुणास ठाऊक, एंजेला उतरली आणि गाडीखाली शिरली. एकेक ठिपका बोटाने चाचपत गेली. सायलेन्सरजवळची क्लिप ठिपक्यासकट फिरली. बोटं पेट्रोलने ओली झाली.

"आधी सगळे ठिपके दिलेस आणि मग आवळत बसलास ना?"

जस्टिनने वाकून गाडीखाली पाहिलं. "गाडी भडकली असती गं," एवढंच म्हणाला.

तिने क्लिप आवळली. शेवटच्या आट्याला फळीवरचा आवाज थांबला.

"उद्या पूर्ण करणार बघ मी शर्यत," ती गाडीखालूनच म्हणाली.

फळीवरच्या त्या पंपातली मोटर जस्टिनने सोमवारीच काढून भंगारात दिली होती.